सातवे समेटपत्र

या हिवाळ्यात आमच्या बडोद्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलाने वर्गातल्याच मुलावर चाकू चालवला. बातमी छापून आली त्या सकाळी वासण्याच्या आमच्या सोसायटीतल्या बाकावर आम्ही पाच निवृत्त माणसे बसलो होतो, आणि चहाची वेळ होईपर्यंत आम्ही सगळी कारणे शोधून काढली होती.

"आ बधुं मोबाइलने लीधे छे, साहेब," शेजारचे गुजराती काका म्हणाले.

"मोबाइल नंतर. आधी घरात माणूस नको? आई नोकरीवर, बाप नोकरीवर. संस्कार कोण करणार, वॉशिंग मशीन?"

"आपल्या वेळी असं होतं का? मास्तरांची सावली दिसली की पोरं भिंतीला चिकटायची."

"सर, तुम्ही बोला ना. तुमच्या हाताखालून हजारो पोरं गेली."

मी घसा साफ करून म्हणालो, "मुलांमध्ये संवाद घडवून आणला पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या ठिकाणी बोललो आहे की ते आता मला न विचारताच बाहेर पडते.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. 'शाळकरी मुलांतील हिंसा : कारणे आणि उपाय' या विषयावर व्याख्यान द्या म्हणाले. बडोद्याच्या मराठी मंडळींत या विषयावरचा अधिकारी माणूस म्हणजे मी. आमच्या शाळेत पर्यवेक्षक असताना मी 'समेटपत्र' नावाची योजना चालवली होती आणि तिच्याबद्दल मला शाल व नारळ मिळाला होता. नारळाची बर्फी झाली. शाल अजून आहे.

या योजनेचा एका मुलावर मात्र वेगळा परिणाम झाला, आणि त्याच्याविषयी मी त्याच्या वडिलांना खोटे सांगितले. ते गृहस्थ आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यापर्यंत त्यांचा आपल्या मुलापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता. हे लिहायला बसलो त्याचे कारण तेवढेच आहे, मंडळाला ते पसंत नसले तरी.

योजना अशी होती. दोन मुलांत मारामारी झाली की दोघांना माझ्या खोलीत आणायचे. कोणी सुरुवात केली हे विचारायचे नाही, कारण एका हाताने टाळी वाजत नाही हे आम्हा मराठी शिक्षकांना वेदांइतके पाठ असते. दोघांनी मिळून एकच पत्र लिहायचे : 'आम्ही आपसांत भांडलो. दोघांचीही चूक आहे. पुन्हा असे करणार नाही.' खाली दोघांच्या सह्या. मग टेबलाच्या खणातून मी एक चिक्की काढायचो, ती दोघांनी मोडून अर्धी अर्धी खायची. पत्र फाइलला जायचे. वर्षाअखेरी मी अहवालात लिहायचो की शाळेत मारहाणीची एकही घटना घडली नाही, फक्त समेट झाले. वाचणाऱ्यांना भरून यायचे.

कोणी कोणाला मारले हे त्या फाइलवरून ओळखणे अशक्य होते. तिची मुख्य सोय तीच होती.

तो मुलगा आठवीत आमच्याकडे आला. वडील प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, भुसावळकडून बदली होऊन आलेले. आमची शाळा म्हणजे जुन्या संस्थानी मंडळींची. ज्यांचे आजे-पणजे दरबारी नोकरीत होते, त्यांची मुले तिथे बसायची, आणि मीही नागरवाड्यातला, त्याच गोतावळ्यातला. आमचा समज असा की पुण्यात मराठी बिघडली, मुंबईत मेली, आणि आता ती फक्त आमच्या घरी शिल्लक आहे. बाहेर आम्ही भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आणि एकमेकांशीही गुजरातीत बोलायचो, ही गोष्ट वेगळी.

या मुलाच्या घरची बोली खानदेशी. वर्गात उत्तर देताना तो ती मनातल्या मनात पुस्तकी करून घ्यायचा. त्यामुळे एक वाक्य सुरू करायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा सुरू करायचा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचे. एकदा मराठीच्या तासाला तो असाच तिसऱ्यांदा मागे गेला आणि मी म्हणालो, "बाळा, तुझं शंटिंग आटोपलं की गाडी फलाटाला लाव."

वर्ग दोन मिनिटे हसत होता. मीही हसलो. वडील रेल्वेत, मुलगा मागेपुढे करतोय. कोटी किती चपखल बसली होती! शिक्षकांच्या खोलीत मी ती त्या दिवशी तीनदा सांगितली. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही नाटकात जायला हवं होतं." नाटकात गेलो असतो तर निदान प्रेक्षकांनी तिकीट काढून ऐकले असते. इथे एका मुलाला ती फुकट आणि सक्तीने मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून तो 'शंटिंग' झाला. त्याचे खरे नाव हजेरीपुरते उरले. आठवड्याभरात मुलांनी त्याचा खेळ केला. मधल्या सुट्टीत चौघे जण त्याला व्हरांड्याच्या एका टोकाला धरायचे, तोंडाने शिटी वाजवायचे आणि ढकलत दुसऱ्या टोकाला न्यायचे, तिथे भिंतीवर आपटायचे, पुन्हा मागे. शेवटी त्याचा डबा काढून घ्यायचे, कारण माल उतरवल्याशिवाय गाडी रिकामी कशी होणार? खेळाचा म्होरक्या आमचा वर्गप्रमुख. आजोबा शाळेच्या संचालक मंडळावर, घर माझ्याच गल्लीत, अक्षर मोत्यासारखे. माझ्या खोलीतल्या माझ्या खुर्चीवरून तो व्हरांडा सरळ दिसायचा. मला वाटे मुले खेळताहेत. शिट्या फारच हुबेहूब वाजवत.

तक्रार आली की मी दोघांना बोलवायचो. एक वर्गप्रमुख, एक हा. पत्र अर्थातच वर्गप्रमुख लिहायचा, कारण अक्षर त्याचे चांगले. 'आम्ही आपसांत भांडलो.' हा नुसती सही करायचा. पहिल्या वेळी त्याने म्हणून पाहिले, "सर, मी काही केलं नही."

"नाही म्हणावं," मी म्हणालो. "आणि काही न करता कोणी कोणाला मारतं का? कर सही. मोठ्या मनाचा माणूस आधी सही करतो."

दीड वर्षात त्याने सहा वेळा मोठे मन दाखवले. शर्टाचा खिसा फाटलेला, कोपर सोललेले, एकदा ओठ सुजलेला. चिक्की त्याला त्या दिवशी चावता आली नाही. मी प्रेमाने म्हणालो, "घरी नेऊन खा."

सातव्या वेळी वर्गप्रमुखाने पत्र लिहिले, सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि सहीच्या जागी लिहिले : 'मी भांडलो नही. चौघे मला धरतात. रोज धरतात. सर खिडकीतून पाहतात.'

त्या कागदावर मी काय केले ते आता नीट सांगितले पाहिजे. खणातून लाल पेन काढले, 'नही' वर काट मारून त्या शब्दाच्या डोक्यावर 'नाही' लिहिले, आणि कागद त्याला दाखवून म्हणालो, "नववीत आलास. अजून हे?" मग म्हणालो की सही नाही म्हणजे समेट अपूर्ण आहे, आणि दोघांना चिक्की न देता वर्गात पाठवले. वर्गप्रमुख हिरमुसला. त्याची काहीच चूक नसताना त्याची चिक्की गेली होती.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत शिट्या सुरू झाल्या. पुढचा तास भूमितीचा होता, त्यामुळे त्याच्या हातात कंपासपेटी होती. भिंतीवर आपटताना ती उघडली. कर्कटक त्याच्या हाताशी आले आणि पुढच्या क्षणी ते वर्गप्रमुखाच्या तळहातात होते. रक्त पाहून शिट्या थांबल्या. तीन टाके पडले. हात नंतर पूर्ण बरा झाला, हे सांगून ठेवतो, कारण ते ऐकून लोकांना हायसे वाटते. दुसऱ्याचे काय झाले हे सहसा कोणी विचारत नाही.

चौकशीला तिघांची समिती बसली. वर्गप्रमुखाच्या आजोबांनी नीतीला धरून त्या दिवशी अध्यक्षपद सोडले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. मला विचारण्यात आले, "या मुलाची आधीची वर्तणूक कशी?" मी फाइल उघडली आणि सहा पत्रे टेबलावर मांडली. दीड वर्षात सहा भांडणे, सहाही वेळा त्याने स्वतः कबूल केलेली, सह्यांनिशी. दरवेळी दुसरी सही वर्गप्रमुखाचीच होती. पण त्यावरून समितीने एवढेच ठरवले की हा मुलगा त्या बिचाऱ्याच्या मागेच लागला होता.

सातवा कागद मी खणात ठेवला होता. का, याचे उत्तर तेव्हा माझ्यापाशी तयार होते : त्यावर दोघांच्या सह्या नाहीत, सबब तो समेटपत्र नाही, सबब तो फाइलमध्ये येत नाही. कार्यालयीन दृष्टीने यात खोट काढता येणार नाही. खरे उत्तर त्याच्या शेवटच्या ओळीत होते. खिडकी माझी होती.

त्याला शाळेतून काढायचे ठरले. दाखला हातात द्यायला त्याच्या वडिलांना बोलावले. वर्कशॉपमधून तसेच आले होते, हाताला ग्रीस, टोपी काढून हातात धरलेली. मी त्यांना सहा पत्रे दाखवली. त्यांनी प्रत्येक सहीवर बोट ठेवून पाहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, मी भांडलो नही."

वडील म्हणाले, "सही तुझीच आहे ना?" आणि माझ्यासमोर त्याच्या कानाखाली मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माफ करा सर. आम्ही अडाणी मान्सं. तुम्ही दीड वर्ष सांभाळलं."

मी म्हणालो, "सांभाळा त्याला." खण माझ्या गुडघ्याशी होता. उघडला नाही.

पुढे सगळे सुरळीत झाले. मला शाल मिळाली ती त्याच वर्षी. निवृत्त होताना मी ती फाइल आठवण म्हणून घरी आणली आणि सातवा कागद तिच्या मागच्या खिशात टाकला. फेकला का नाही ते मला माहीत नाही. त्याला सद्सद्विवेक वगैरे म्हणायचा मोह होतो, पण मास्तर लोक कागद फेकत नाहीत, एवढेच खरे असावे.

व्याख्यानात दाखवायला म्हणून या हिवाळ्यात ती फाइल काढली. सातवा कागद मांडीवर पडला. लाल शाई फिकट झाली आहे, त्याची निळी तशीच आहे.

आधी मी वर्गप्रमुखाला फोन लावला. तो परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दर गुरुपौर्णिमेला न चुकता माझी चौकशी करतो. मी त्या मुलाचे नाव सांगितले.

"कोण, सर? असा कोणी होता?"

"ज्याला तुम्ही व्हरांड्यात ढकलायचात."

"अच्छा, शंटिंग!" तो मनापासून हसला. "काय दिवस होते, सर! नाव तुम्हीच ठेवलं होतं ना? एक नंबर सेन्स ऑफ ह्यूमर तुमचा."

त्याच्याशी भांडण्यासारखे काहीच नव्हते. त्याने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. मग सचिवांना फोन करून म्हटले की मी व्याख्यानात याबद्दल बोलेन. ते म्हणाले, "सर, पत्रिका छापून झाल्यात. आणि इतकं वैयक्तिक कशाला? लोक रविवारी सकाळी तयार होऊन येतात, त्यांना जरा बरं वाटेल असं काहीतरी…" मग मी व्याख्यानालाच नाही म्हणालो. ऐनवेळी एका निवृत्त प्राध्यापकांनी मोबाइलचे दुष्परिणाम सांगितले. व्याख्यान उत्तम झाले म्हणतात.

त्याचा पत्ता मिळवायला चार दिवस लागले. मकरपुऱ्याकडे त्याचे ग्रिल आणि लोखंडी दरवाजे बनवायचे छोटे वर्कशॉप आहे. मी रिक्षातून उतरलो तेव्हा तो कोणावर तरी ओरडत होता, "अल्या, माप बराबर ले ने!" पंचेचाळिशीचा, कानावर पांढरे केस. मला पाहून त्याने हातातला घण खाली ठेवला. ओळख सांगावी लागली नाही.

"बसा सर. अल्या, साहेब माटे खुरशी लाव." मग मराठीत, "शाळेतल्या कुणाच्या घराला दरवाजा हवाय का?"

मी कागद पुढे केला. त्याने तो वाचला नाही, फक्त ओळखला. "हे अजून आहे तुमच्याकडे?"

"हा मी समितीला दाखवला नाही. तुझ्या वडिलांनाही नाही. मुद्दाम."

"माहीत आहे सर."

"माहीत आहे?"

"सहाच कागद मांडले तुम्ही टेबलावर. मला काय मोजता येत नव्हतं?" तो हसला. चांगला हसतो, शाळेत कधी पाहिले नव्हते. "मला कशाला सांगायला आलात? मी तिथंच होतो. बाबांना सांगा. ते अजून पाव्हण्यांना सांगतात, माझा मोठा लहानपणी मारामाऱ्या करायचा म्हणून शाळेनं काढला, सर बिचारे देवमाणूस होते."

त्याच वेळी त्याने शर्ट बदलला आणि मला स्कूटरवर मागे बसवून प्रतापनगरजवळच्या त्यांच्या घरी नेले.

म्हातारे खाटेवर बसले होते. मला पाहून उठायला लागले, मी नको नको म्हणत असतानाही उठले. "अरे, सरांले खुर्ची दे. पानी दे. सर, तुम्ही? आमच्या घरी?"

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. तुमच्या मुलाने भांडणे केली नव्हती. त्याला चौघे रोज मारत होते. मला दिसत होते. त्याने लिहून दिले होते आणि तो कागद मी लपवला. वाक्ये घरून तयार करून आणली होती, तरी निम्मी मागेपुढे झाली.

ते हसून म्हणाले, "सर, वय झालं आता आपलं. दुसऱ्या कोनाचं याच्यावर घेऊन राहिले तुम्ही."

"नाही. याचंच आहे."

"आन् असेल तरी तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलं असेल."

इतकी वर्षे जपलेला आदर एवढा जाड असतो की खऱ्या गोष्टीला आत जायला फट मिळत नाही. मी कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, "परत वाचा." परत वाचला. मग त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि अक्षरावर बोट ठेवले, त्या दिवशी सह्यांवर ठेवले होते तसेच. अक्षर मुलाचे होते.

मग ते एकदम मुलावर चिडले. "मंग तू बोलला का नही मले?"

"बोललो ना, बाबा. शाळेपासून घरापर्यंत तुमच्या सायकलवर मागे बसून तेच बोलत होतो."

"मी काय म्हनलं?"

"म्हणालात, सर कशाला खोटं बोलतील."

म्हाताऱ्यांनी कागद मांडीवर ठेवला. बाहेर कोणी तरी स्कूटरला किक मारत होते, ती सुरू होत नव्हती. मग ते म्हणाले, "सर, हे तुमच्या हातानं लिहून द्या. भुसावळले माझा भाऊ आहे. पोरगं वाया गेलं असं मीच त्याले कळवलं होतं. सगळ्यांले कळवलं होतं."

नातीची वही आली. मी लिहिले : 'सदर विद्यार्थ्याविषयी गैरसमजातून…'

त्यांचे बोट त्या शब्दावर आले. "गैरसमज कोनाचा?"

चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वाक्यांवर काट मारत आलो. त्या दिवशी स्वतःच्या वाक्यावर मारली. नवीन पानावर लिहिले : 'हा मुलगा भांडला नाही. त्याला मारत होते. मला माहीत होते. मी त्याच्या वडिलांना खोटे सांगितले.' खाली सही केली. एकट्याची.

त्यांनी ते हळूहळू वाचले, घडी केली आणि उशीखाली ठेवली. मला म्हणाले, "आता तुम्ही जा." सर म्हणाले नाहीत. मुलगा मला सोडायला उठत होता, त्याचा हात त्यांनी धरला आणि त्याला खाटेवर बसवले.

मी दारात चपला घालत होतो. आत ते विचारत होते, "कोन कोन होते? कुठं धरायचे तुले? पहिल्यापासून सांग." मुलगा आधी म्हणाला, जाऊ द्या बाबा, आता काय त्याचं. ते म्हणाले, "सांग म्हनलं ना."

मग तो सांगू लागला.